खोडलेला शब्द

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात

वय ४४. पुण्यातल्या एका छोट्या छापखान्यात ती १९ वर्षं मुद्रितशोधन करते. छापखान्याचे मालक, ज्यांना सगळेच अण्णा म्हणत, गेल्या सप्टेंबरात दिवाळी अंकांच्या ऐन घाईत गेले. बी.कॉम. होऊन ती तिथे हिशेब लिहायला लागली होती. अण्णांनी तिच्या हातात लाल पेन दिलं, पहिल्याच आठवड्यात प्रुफाच्या खुणा शिकवल्या आणि पुढे पुढे तिला विचारल्याशिवाय पुस्तक छपाईला सोडेनासे झाले. अण्णांची पत्नी गेल्यानंतरची चार वर्षं संध्याकाळी मशीन बंद झालं की दोघांचा चहा आणि तासभर गप्पा, असा नेमच पडला होता.

आता वर्षश्राद्धाला अण्णांचा मुलगा एक स्मरणपुस्तिका काढतो आहे. त्यानं तिच्याकडे लेख मागितला आहे, दहा मिनिटं बोलायलाही सांगितलं आहे. तीन महिने झाले तरी एक ओळ कागदावर टिकत नाही. नवरा म्हणतो, "स्वतःचे वडील गेले तेव्हा इतकी रडली नव्हतीस." शिवाय काही गोष्टी आत सलतात. २०१३ मध्ये एका अंकाच्या मुखपृष्ठावर संपादकांचं नाव चुकीचं छापलं गेलं, तेव्हा अण्णा तिला अकरा माणसांदेखत वाटेल ते बोलले. मुखपृष्ठ तिच्या नजरेखालून गेलंच नव्हतं, हे नंतर त्यांना कळलं. पण 'माझं चुकलं' असं ते कधी म्हणाले नाहीत. पगार वाढवतानाही हात आखडताच असायचा. आणि मग ती शेवटची संध्याकाळ. ती हॉस्पिटलात जायला निघाली होती. अण्णांनी फोनवर सांगितलं, "आधी शेवटचा फर्मा सोड, मग निवांत ये." तिनं रात्री साडेनऊला फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, छपाईला सोडला. पहाटे अण्णा गेले.

अण्णांची शब्दांची वही आणि लाल पेन अजून तिच्या खणात आहे. अण्णांच्या घरच्यांना ते माहीत नाही. ती विचारते : काय लिहू, काय गाळू, आणि मी त्यांच्या घरची नसताना मला इतकं दुःख व्हायचा हक्क तरी आहे का?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र सहा पानी आहे, हातानं लिहिलेलं, दोन्ही बाजूंना समास सोडून. त्यात 'वडिलांसारखे' हा शब्द पाच वेळा आला आहे. तिसऱ्या पानावर मात्र तुम्ही आधी 'मित्र' असं लिहिलं होतं. मग त्यावर तुमच्या कामातली काट मारलीत, तिचं शेपूट थेट समासापर्यंत ओढलंत आणि वर बारीक अक्षरात 'वडिलांसारखे' लिहिलंत. सहा पानांत दुसरी खाडाखोड नाही. म्हणून मी आधी त्या एका ओळीबद्दल बोलते, लेखाचं नंतर बघू.

आपल्याकडे नातं सांगितल्याशिवाय दुःखाला जागा मिळत नाही. कुणाला दहा दिवसांचं सुतक, कुणाला तीन, कुणी नुसती आंघोळ केली की सुटलं, हे सगळं रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यावरून ठरतं. समाचाराला येणारी माणसं घरच्यांना भेटून जातात. तुमच्या टेबलापाशी येऊन कुणी बसलं नसेल. उलट त्याच आठवड्यात तुम्हाला अंक बाहेर काढायचे होते. मग माणूस एखादं नातं उसनं आणतो. 'वडिलांसारखे' म्हटलं की समोरचा मान हलवतो, पुढे काही विचारत नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखावर सविस्तर लिहिलं : माणूस तर गमावलेला असतो, पण त्याच्यासाठी उघडपणे रडायची मुभा समाज देत नाही. मला अशी पत्रं वरचेवर येतात. मेट्रन गेल्यावर रजा मागायला संकोचलेल्या परिचारिकेचं आलं होतं, मुख्याध्यापकांच्या दहाव्याला घाटावर लांब उभं राहून परत फिरलेल्या शिपाईमामांचंही आलं होतं. 'मी त्यांची कोण?' हा तुमचा प्रश्न त्या सगळ्यांनी आपापल्या शब्दांत विचारला होता.

खरं तर आपल्या रीतीत या माणसांना जागा आहे, आपणच ती विसरलो आहोत. पितृपंधरवड्यात महालयाला कोणाकोणाची नावं घ्यायची, ते सांगणारा एक जुना श्लोक आहे. वडील, आई, आजोबा, आजोळची माणसं, काका, मामा, भावंडं, आत्या, मावशी, सासरे अशी लांबलचक यादी त्यात आहे, आणि यादीच्या शेवटी येतात सद्गुरू, शिष्य आणि आप्त. ज्यांच्याशी रक्ताचा काही संबंध नाही, त्यांनाही त्या श्लोकानं पितरांच्या पंगतीला बसवलं आहे. तुम्ही तर्पण करा किंवा करू नका, तो तुमच्या श्रद्धेचा भाग. पण 'हक्क आहे का' असं विचारत होतात, म्हणून सांगते : आहे, आणि तो मी आज तुम्हाला देत नाहीये, तो आधीपासून आहे.

आता 'वडिलांसारखे' या शब्दाकडे येऊ. खरोखर तसं होतं का? तुमच्या वडिलांपुढे आवाज काढायची तुमची टाप नव्हती, असं तुम्हीच पाचव्या पानावर लिहिलं आहे. अण्णांशी मात्र तुम्ही एका कादंबरीतली दीड पानं गाळावीत की ठेवावीत यावर तीन संध्याकाळी भांडलात, आणि शेवटी तुमचं ऐकलं गेलं. हे वडील-मुलीचं नातं वाटत नाही मला. त्यांनी तुम्हाला काम शिकवलं, तोवर ते गुरू होते. ज्या दिवशी ते तुमचं ऐकून स्वतःचं मत बदलू लागले, त्या दिवसापासून ते तुमचे मित्रही झाले.

तुमच्याच शहरातलं उदाहरण देते. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वयात २४ वर्षांचं अंतर. सरकारी अहवाल कसे वाचायचे, आकडे कसे पडताळायचे, हे गोखल्यांनी रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं बसून शिकून घेतलं. १९०१ मध्ये रानडे गेले तेव्हा गोखले ३४ वर्षांचे होते. त्यांनी रानड्यांना आपले गुरू मानलं आणि ते उघडपणे सांगितलं. पुरुषाला हे सांगणं सोपं जातं. बाईनं आपल्या मालकाबद्दल 'ते माझे मित्र होते' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात भलतंच काही यायची तिला धास्ती असते, म्हणून ती लगेच वडिलांचं नाव पुढे करते. तुमची ती काट मला त्या धास्तीपोटी मारलेली दिसते. धास्ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः तीस वर्षं नोकरी केली आहे, लोक काय बोलतात ते मलाही माहीत आहे. पण त्या धास्तीमुळे तुम्हाला लिहिता येत नाहीये, हेही तितकंच खरं. ज्या नात्याबद्दल लिहायचं तेच खोडून टाकलं, तर उरलेल्या कागदावर मग 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'परखड', 'काळाच्या पडद्याआड' एवढंच येतं. ते तुम्हालाच पटत नाही आणि तुम्ही ते फाडता. फाडताय ते बरंच करताय.

नवऱ्याच्या त्या वाक्यानं तुम्ही फार दुखावलात. मला त्या वाक्यात टोमण्यापेक्षा एक न विचारलेला प्रश्न जास्त ऐकू येतो. १९ वर्षं रोज नऊ तास तुम्ही जिथे होतात, तिथलं त्यांना फारसं काही ठाऊक नाही. वडील गेले तेव्हा आई होती, भाऊ होता, पंधरा माणसं घरात होती. रडणं वाटून घेतलं गेलं. अण्णांसाठी तुम्ही एकट्याच रडलात, बहुधा बाथरूमचा नळ सोडून. एखाद्या रविवारी त्यांना छापखान्यात घेऊन जा. तुमचं टेबल दाखवा, चहाची ती दोन स्टुलं दाखवा, वही दाखवा. समजावून सांगायची गरज पडणार नाही कदाचित. आणि पडली, तर 'मित्र' हा शब्द आधी त्यांच्यासमोर म्हणून बघा. पुस्तिकेत छापायच्या आधी तो घरात म्हणता आला पाहिजे.

आता लेख.

मुलानं तुमच्याकडे का मागितला असेल, याचा विचार केलात का? तुम्ही तो उपचार धरून चाललात. मला तसं वाटत नाही. घरच्यांना अण्णा भेटायचे ते रात्री नऊनंतर, दमलेले, जेवून झोपणारे. शाईचा वास घेऊन मशीन नीट चाललंय का ते सांगणारे अण्णा तुम्ही पाहिले, मुलानं क्वचितच. त्याला बापाचा तो भाग हवा असणार आणि तो दुसऱ्या कुणाकडे नाही. तेव्हा घरच्यांसारखं लिहायचा प्रयत्नच करू नका. घर वगळून लिहा. छापखान्याचं शटर वर जातं तिथून सुरू करा.

ज्यानं अण्णांना कधी पाहिलं नाही, असा एखादा नवा मुलगा उद्या तुमच्या हाताखाली कामाला लागला आहे अशी कल्पना करा, आणि त्याला सांगितल्यासारखं लिहा. विशेषणं टाळा, हात काय करत होते ते लिहा. तुम्ही मला वहीबद्दल जे लिहिलं आहे, ते तर तयारच आहे. वहीवर पहिली तारीख १९७२ ची. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या १४ नियमांत त्याच वर्षी आणखी ४ नियमांची भर पडली होती, आणि चोवीस वर्षांचे अण्णा तेव्हा छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवत होते. शाळेत त्यांनी जुनं लेखन गिरवलेलं, हाताला जुन्या अनुस्वारांची सवय. म्हणून पहिली चार पानं त्यांनी स्वतःसाठी लिहून काढली : 'घरांत' लिहायचं, वरचं टिंब खोडायचं, पुढे 'घरात' लिहायचं. खाली पेन्सिलीनं नोंद : 'अनेक घरे असतील तर टिंब ठेवणे.' आणि ३४ वर्षांनी तुम्हाला शिकवताना तेच पान उघडून ते म्हणाले, "हे टिंब बघ. एक घर की दहा, ते एवढ्यावर ठरतं. म्हणून सावकाश वाच." मी अण्णांना कधी भेटले नाही, पण हे वाचताना मला ते दिसले. असे तीन प्रसंग पुरे. चौथा आठवला तरी ठेवून द्या, पुढच्या वर्षी लागेल.

दहा मिनिटं बोलायचं म्हणजे फार मोठं भाषण नव्हे. लेखातलाच एक प्रसंग मोठ्यानं वाचा, घरी घड्याळ लावून दोनदा. आवाज भरून आला तर थांबा, पाणी प्या, कागदावर बोट ठेवून पुढची ओळ वाचा. पाठ करून मात्र जाऊ नका. पाठ केलेलं नेमकं अशा वेळी विसरतं.

दोन कागद करा, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे, आणि असं काही लिहायला बसलेल्या इतरांनाही तेच सांगते. एक छापायचा, एक न छापायचा. न छापायच्या कागदावर २०१३ चा तो दिवस पूर्ण लिहा. ते काय बोलले, कोण कोण उभं होतं, तुम्ही त्या दिवशी डबा न खाता घरी नेलात तेही. पगाराचं लिहा. राग आला तर त्याच कागदावर येऊ द्या. हे सगळं बाहेर निघाल्याशिवाय छापायचा कागद मोकळा होणार नाही. आणि छापायच्या कागदावर? तिथे जुना हिशेब मांडायची गरज नाही, वर्षश्राद्धाला जमलेल्या माणसांना त्याचा उपयोगही नाही. पण 'अण्णा कधी कुणाला दुखवत नसत' असंही लिहू नका. ते खोटं आहे आणि तुमच्याबरोबर तिथे उभ्या असलेल्या अकरा जणांना ते माहीत आहे. 'अण्णांचा आवाज चढायचा, आणि आपलं चुकलं हे म्हणणं त्यांना फार जड जायचं. माझ्याबाबतीत ते राहूनच गेलं,' एवढं एक वाक्य पुरेल. चांगल्या माणसाकडून अन्याय झाला तर त्याचं चांगलेपण खोटं ठरत नाही, आणि चांगला होता म्हणून अन्याय पुसलाही जात नाही. दोन्ही तुमच्याकडे राहतील. पगाराचा विषय आता मुलाशी बोला, लेखातून नव्हे, आणि दिवाळी अंकांची घाई उरकल्यावर बोला. पण बोला नक्की. अण्णांच्या आठवणीखातर कमी पगारात राबत राहणं हा काही त्यांचा स्मृतिदिन पाळायचा मार्ग नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण गाळा. चहाच्या वेळी अण्णा आपल्या घराबद्दल, मुलाबद्दल जे बोलायचे, त्यातलं थोडं तुम्ही मला कळवलं आहे. ते मी इथे छापत नाही, तुम्हीही छापू नका आणि मुलानं खोदून विचारलं तरी सांगू नका. माणूस गेला म्हणून त्यानं विश्वासानं सांगितलेलं मोकळं होत नाही. मुलाला फारच हवं असेल, तर अण्णा त्याच्याबद्दल जे कौतुकानं बोलले असतील तेवढं द्या. तेही असेलच की.

ती शेवटची संध्याकाळ. यावर तुमचं दीड पान आहे आणि त्यात 'मी गेले असते तर' हे चार वेळा. फोनवर अण्णांचा स्वर नेहमीसारखाच होता, हेही तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे त्यांना स्वतःला कल्पना नव्हती, त्यांच्याजवळ बसलेल्या मुलालाही नव्हती. जे त्या खोलीत कुणाला कळलं नाही, ते चार किलोमीटरवर टेबलाशी बसून तुम्हाला कळायला हवं होतं, असं तुम्ही स्वतःला सुनावता आहात. दुसऱ्या कुणाला असं सुनावलं असतंत का? फर्मा सुटला म्हणून अण्णा समाधानानं गेले असतील, अशी समजूत मी तुमची घालणार नाही. ते मला कुठून माहीत असणार? मी एवढंच बघते की तुम्ही निघाला होतात, त्यांनी थांबवलं आणि तुम्ही त्यांचं ऐकलंत, जसं १९ वर्षं ऐकत होतात. त्यांनी थांबवायला नको होतं, असं वाटून तुम्हाला त्यांचा रागही येत असेल. येऊ दे. गेलेल्या माणसावर रागावणं म्हणजे पाप नव्हे. ते वाक्य न छापायच्या कागदावर पहिलं लिहा.

वर्ष होत आलं तरी झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, छापखान्यात पाय ठेवताना छातीत धडधडत असेल, तर मात्र नुसत्या लिहिण्यावर विसंबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ हा नंबर, दिवसरात्र आणि मोफत. मराठीत बोलता येतं. वेड लागल्यावरच तिथे फोन करायचा असतो, हा समज कृपा करून सोडा.

वहीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. मुलाला सांगा. लेख द्यायला जाल तेव्हाच वही बरोबर न्या आणि म्हणा, "ही माझ्याकडे राहिली होती. कामाला लागते. तुम्ही म्हणाल तसं करू." तो बहुधा म्हणेल, ठेवा तुम्हीच. तसं नाही म्हणाला, तर आधी सगळ्या पानांची झेरॉक्स काढून घ्या आणि मूळ वही आनंदानं त्याच्या हाती द्या; बापाचं अक्षर आहे ते. लपवून ठेवलेली वस्तू मनाला टोचत राहते. पेनाचंही सांगा, पण ते मागून घ्या. स्पष्ट मागा. 'यात रिफिल घालून मी काम करणार आहे' असं सांगितलंत तर कुणी नाही म्हणणार नाही.

तुमचं पत्र मी परत पाठवते आहे, कारण त्यातली दोन पानं जवळजवळ लेखच आहेत. दुसरं आणि चौथं. पहिल्या आठवड्यात अण्णांनी ज्या खुणा शिकवल्या, त्यांतली एक तुम्ही कागदाच्या कडेला काढून दाखवली होती : काट चुकून मारली गेली तर त्या शब्दाखाली टिंबांची रांग द्यायची, म्हणजे शब्द आहे तसा ठेवा. तिसऱ्या पानावर 'मित्र'खाली मी ती टिंबं देऊन ठेवली आहेत. पेन्सिलीनं दिली आहेत, हलक्या हातानं, पुसायची झाली तर पुसता येतील अशी.